कोरियातल्या मुदांगांच्या कथा आणि माणसाचं दुःख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियन मालिका बघणाऱ्यांना काळा अंगरखा आणि काळी रुंद टोपी घालून दारात येणारा मृत्युदूत ओळखीचा असतो. त्याच्या मागे केवढं मोठं गोष्टींचं गोत आहे, हे मालिकेत कळत नाही. मुदांगांनी, म्हणजे कोरियातल्या देवविधी करणाऱ्यांनी, गायलेल्या या गोष्टी मी मराठीत सांगायला लागले तेव्हापासून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काहींना दोन ओळी पुरतात, काहींसाठी मांडी ठोकून बसावं लागतं. नावं देवनागरीत जमतील तेवढी जवळची लिहिली आहेत. एकाच पात्राचं नाव दर गावाला थोडं बदलतं, तपशीलही बदलतात. त्यामुळे ‘मी वेगळं वाचलं होतं’ असं वाटलं तर तुमचंही बरोबर असू शकतं.

मुदांग म्हणजे आपल्याकडचा भगत किंवा देवऋषी का?

थोडंफार. मुदांग बहुतेक वेळा बाई असते आणि ती जो विधी करते त्याला ‘गुत’ म्हणतात. मुदांग होण्याच्या दोन वाटा आहेत. सोल आणि त्याच्या उत्तरेला अंगात येणाऱ्या मुदांगांची परंपरा. त्यांना आधी देवाचं आजारपण येतं. झोप उडते, अन्न जात नाही, औषधाचा गुण येत नाही. देव स्वीकारला की मग उतार पडतो. दक्षिणेला मात्र हे घराण्याचं काम. तिथे सून सासूकडून गाणी शिकते, अंगात येण्याची अट नसते. कोरियाच्या दक्षिणेकडच्या जेजू बेटावर या लोकांना ‘सिम्बांग’ म्हणतात, त्यांत बायकाही असतात आणि पुरुषही. घराण्याच्या या गायकांना मी मनातल्या मनात आपल्या गोंधळ्यांच्या शेजारी बसवते. ढोल, रात्रभराचं जागरण, देवाची लांबलचक कथा आणि मधूनच यजमानाची थट्टा, हे सगळं तिथेही आहे.

मान मात्र नव्हता. जोसॉन राजवटीत मुदांग समाजाच्या अगदी तळाच्या थरात मोजली जाई आणि तिला राजधानीच्या वेशीबाहेर काढण्याचे हुकूम वारंवार निघत. वारंवार निघत, म्हणजे ते पाळले जात नसणार हे उघड आहे. राजवाड्यातल्या बायकाच तिला बोलावत.

या कथा कुठल्या ग्रंथात आहेत?

मुळात ग्रंथात नाहीतच, त्या गायच्या असतात. जेजूमध्ये अशा कथेला ‘बोनफुरी’ म्हणतात. बोन म्हणजे मूळ आणि फुरी म्हणजे सोडवणं. हा शब्द आला तो ‘फुल्दा’ या क्रियापदावरून. गाठ सोडणं, कोडं सोडवणं, राग काढून टाकणं, औषध पाण्यात विरघळवणं, इतकंच काय, नाक शिंकरणं, या सगळ्याला कोरियन माणूस फुल्दाच म्हणतो. आत काहीतरी घट्ट, साचलेलं, अडकलेलं आहे आणि ते मोकळं करायचं आहे. पुढचं सगळं समजायला हे एक क्रियापद हाताशी असू द्या.

कागदावर या कथा उशिरा आल्या. 1923 मध्ये उत्तरेकडच्या हामहुंग शहरातल्या किम स्सांग-दोरी या मुदांगने गायलेली सृष्टीच्या उत्पत्तीची कथा सोन जिन-ते या अभ्यासकाने टिपून घेतली आणि 1930 मध्ये ती छापली. पुढे 1937 मध्ये दोन जपानी प्राध्यापकांनी गाण्यांचा मोठा संग्रह काढला. तेव्हापासून टिपणं चालूच आहेत. एकट्या बारी राजकन्येच्या कथेची शंभराच्या आसपास रूपं नोंदली गेली आहेत.

बारीची गोष्ट थोडक्यात सांगाल का?

थोडक्यात सांगितली तर तिचं सगळं सत्त्व जातं, तरी प्रयत्न करते.

ओगू राजाला ज्योतिषाने बजावलं होतं, यंदा लग्न केलंस तर सात मुली होतील, पुढच्या वर्षी केलंस तर तीन मुलगे. राजाला दम धरवला नाही. सहा मुली झाल्या. सातवीही मुलगीच झाली तेव्हा त्याने तिला पेटीत घालून पाण्यात सोडून द्यायला सांगितलं. एका गरीब म्हातारा-म्हातारीला ती सापडली. बारी या नावाचा अर्थ बहुतेक जण ‘टाकलेली’ असाच लावतात.

पुढे राजा-राणी दोघंही आजारी पडली. औषध एकच, पश्चिमेकडच्या स्वर्गदेशातलं जीवनपाणी. महालात वाढलेल्या सहा जणींनी अंग काढून घेतलं. एकीने संसाराचं कारण दिलं, दुसरीने आणखी कशाचं. मग टाकलेलीला शोधून आणलं. तिने काय म्हणावं? मला वाढवलं नाहीत खरं, पण नऊ महिने पोटात ठेवलंत, तेवढ्यासाठी जाते.

पुरुषाचा वेश, लोखंडी जोडे, लोखंडी काठी. वाटेत तिला नरक लागतात. सुऱ्यांचा डोंगर, आगीची दरी, हात नसलेले, पाय नसलेले, डोळे नसलेले जीव. बुद्धाने दिलेलं फूल हलवून ती तुरुंगाची दारं उघडते. काही गावांत गातात की एका म्हातारीने तिला काळे कपडे पांढरे होईपर्यंत आणि पांढरे कपडे काळे होईपर्यंत धुवायला लावले. काळ्याचं पांढरं करणं कष्टाचं, एवढं आपण समजू शकतो. पण पांढऱ्याचं काळं करायला नदीवर बसवणं! सासुरवास भोगलेल्या कुठल्या तरी बाईनेच ही ओळ घातली असणार, असं मला नेहमी वाटतं.

पाण्याचा राखणदार मुजांगसुंग विचारतो, “वाटेचा मोबदला आणलास?” घाईत निघाले, नाही आणला. मग तीन वर्षं लाकडं तोड, तीन वर्षं आग सांभाळ, तीन वर्षं पाणी भर. नऊ वर्षं झाल्यावर तो म्हणतो, माझ्याशी लग्न कर आणि सात मुलगे दे. ती तेही करते. मग निघायची वेळ झाल्यावर तो सांगतो की, तू रोज भरत होतीस तेच जीवनपाणी, तू रोज कापत होतीस तेच संजीवनी गवत.

ती परत येते तेव्हा आईबापांच्या तिरड्या निघालेल्या असतात. ती मिरवणूक थांबवते, फुलांनी हाडं, मांस, श्वास परत आणते, तोंडात पाणी घालते. राजा अर्धं राज्य देऊ करतो. ती नको म्हणते. मेलेल्यांना वाट दाखवायचं काम मागून घेते.

ज्यांनी टाकलं त्यांच्यासाठीच ती गेली. हा मुलींना सोशिकपणा शिकवण्याचा प्रकार नाही का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वेळी येतो आणि विचारणारी बहुधा एखादी तरुण मुलगी असते. तिचं म्हणणं खोडून काढावं असं मला वाटत नाही. आईबापांची सेवा हे कन्फ्युशियसच्या शिकवणीतलं सर्वांत मोठं मूल्य आणि कथेवर त्याचा पक्का रंग चढलेला आहे.

तरी दोन गोष्टी बघाव्यात. ती राजकन्या म्हणून घरी परतत नाही. ज्या घराने टाकलं त्या घरातला वाटा तिला नकोच. दुसरी गोष्ट, ही कथा कोणासमोर गायली जाते? कोणी गेलं की मागे राहिलेल्यांसमोर, आणि त्यात बायकाच जास्त. ऐकणारीने कदाचित स्वतःच्या आईला ‘पुन्हा मुलगीच’ म्हणताना ऐकलेलं असतं. आपल्याकडे मुलींची नावं नकुशा ठेवत. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं जाहीर कार्यक्रमात बदलली गेली. तेव्हा बारी म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला लागू नये. फरक एवढाच की कोरियातल्या नकुशाने नाव बदललं नाही. त्याच नावाने ती देवी झाली.

जगात दुःख आलंच कसं? त्याचं काही कारण या कथा देतात का?

देतात, आणि ते चमत्कारिक आहे. एका भावाने फूल चोरलं म्हणून.

जेजूच्या कथेत आकाशाच्या राजाला दोन मुलगे. थोरला देब्यॉलवांग, धाकटा सोब्यॉलवांग. माणसांचं जग कोणी सांभाळायचं? कोड्यांत धाकटा हरला. मग म्हणाला, फुलं लावू, ज्याचं झाड बहरेल त्याचं जग. थोरल्याचं बहरलं, धाकट्याचं सुकलं. थोरल्याचा डोळा लागताच धाकट्याने कुंड्यांची अदलाबदल केली. थोरल्याला सगळं कळलं. तो म्हणाला, घे हे जग, पण इथे खून, चोरी, व्यभिचार माजतील. आणि तो मेलेल्यांच्या राज्याकडे निघून गेला. म्हणून तिकडचा कायदा स्वच्छ आणि इकडचा हा असा.

हामहुंगच्या मुदांगने गायलेल्या कथेत हेच भांडण मिरुक आणि सॉक्का यांच्यात आहे, म्हणजे मैत्रेय आणि शाक्यमुनी. आणि फूल चोरणारा शाक्यमुनी! आपल्याकडच्या, विशेषतः बौद्ध घरांतल्या वाचकांना इथे खटकतं, ते साहजिक आहे. पण हा तथागतांबद्दलचा दावा नाही. आधी चांगलं युग होतं आणि चालू युग उसनं, फसवून मिळवलेलं आहे, हे सांगायला गाणाऱ्यांनी आपल्या कानावर पडलेली दोन मोठी नावं वापरली. चालू युग शाक्यमुनींचं आणि येणारं मैत्रेयांचं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी क्रम तेवढा उलटा केला.

यात मला आवडतं ते असं की, दुःखाचं खापर माणसावर फोडलेलं नाही. माणसाने फळ खाल्लं, पाप केलं, असं काही नाही. राज्य करणाराच लबाडीने आला.

म्हणजे कर्माचा सिद्धांत तिथे नाही?

आहे, बौद्ध धर्माबरोबर तोही पोचला. मृत्यूनंतर दहा राजांच्या दरबारात झडती होते, कंजूष सावकारांना शिक्षा होतात. पण ज्यांच्यावर खरी आपत्ती कोसळते त्या पात्रांना ‘तुझ्याच पूर्वजन्मीचं’ असं कोणी सुनावत नाही. गोष्ट फक्त विचारते की काय झालं, कुठे झालं, कोणी केलं. पुढे ते पात्र देव होतं आणि बहुधा ज्या दुःखातून गेलं त्याच दुःखाच्या खात्याचा देव होतं. वाट न मिळालेली बारी वाट दाखवते. बुडवून मारलेली बाई चुलीची देवी होते. तिची गोष्ट पुढे सांगते.

लहान मुलं, तरुण माणसं का मरतात, याला काही उत्तर आहे?

कावळा.

जेजूचा मृत्युदूत गांगनिम. तो आधी माणूस होता, कचेरीतला शिपाई. मृत्यूच्या राजाने त्याला आयुष्य संपलेल्यांची यादी पृथ्वीवर पोचवायला सांगितली. ठरलं असं होतं की सत्तरी-ऐंशी गाठली की क्रमाने यायचं. गांगनिम दमलेला. कावळा म्हणाला, द्या इकडे, मी पोचवतो. वाटेत कुठेतरी घोडा कापत होते. कावळा एखादा तुकडा मिळेल म्हणून थांबला, तोंड उघडलं आणि यादी पडली. ती सापाने गिळली, म्हणून साप कात टाकून पुन्हा पुन्हा जगतो. कावळ्याने पुढे जाऊन आठवेल तसं ओरडून टाकलं. पोरांनो या, म्हाताऱ्यांनो या, आईबाप या, लेकरं या. तेव्हापासून मरणाला क्रम राहिला नाही.

पिंडाला शिवायला आपण ज्याची वाट बघतो तोच पक्षी. पण तिथे तो पितरांचा कोणी नाही, नुसता कामात हलगर्जी करणारा जासूद. लेकरू गेलेल्या आईला ‘देवाची इच्छा होती’ म्हणण्यापेक्षा ‘यादी हरवली’ म्हणणं मला जास्त दयाळू वाटतं. निदान देवाने मुद्दाम केलं असं तरी होत नाही.

बहुतेक कथांत छळ बाईचाच का?

कारण गाणाऱ्या आणि ऐकणाऱ्या बायकाच जास्त. यादी करायची तर संपणार नाही, म्हणून तिघी सांगते.

पहिली जाजिम्यॉंग. आईबाप बाहेरगावी जाताना तिला कुलपात ठेवून जातात. भिक्षा मागायला आलेला भिक्षू तिच्या डोक्याला तीनदा हात लावतो आणि ती गरोदर राहते. घरातून हाकललेल्या तिला पुढे दोन रांजण भात नखांनी सोलायला लावतात. तिच्या पोटी तीन मुलगे होतात, तेही वाटेने जन्मत नाहीत, बगला आणि छाती फोडून येतात. बिनबापाची म्हणून शाळेत घेत नाहीत, तर ती चुलीपुढच्या राखेत बोटाने अक्षरं गिरवतात. परीक्षेत पहिली येतात, पण भिक्षूची पोरं म्हणून निकाल रद्द. वर आईला कोंडून ठेवलं जातं. तिला सोडवायला ती तिघं ढोल वाजवतात, आणि तेच जगातलं पहिलं गुत. सिम्बांग लोक आपल्या धंद्याचं मूळ इथे सांगतात. आमची विद्या अपमानातून आणि राखेतून आली, असं.

दुसरी वॉनगांगामी. नवऱ्याला स्वर्गातल्या फुलबागेच्या नोकरीचं बोलावणं येतं. ही गरोदर, पाय सुजलेले, चालवत नाही. म्हणते, मला या सावकाराला विका आणि तुम्ही पुढे जा. सावकार रोज रात्री दार ठोठावतो, ती रोज नवं कारण सांगून टाळते. मुलगा हाल्लाकगुंगी मोठा होतो आणि बाप कोण म्हणून विचारतो. ती सांगत नाही. तो तिला सोयाबीन भाजायला लावतो, उलथणं लपवतो, दाणे करपतात म्हणत तिला हातानेच हलवायला लावतो आणि तिचा हात तापलेल्या कढईवर दाबून धरतो. मग ती सांगते. मुलगा पळतो आणि त्याच्या पायी सावकार तिला मारून टाकतो. बापाकडे जाताना त्याला तीन पाणी लागतात. एक घोट्यापर्यंत, एक गुडघ्यापर्यंत, एक गळ्यापर्यंत. बाप सांगतो, ते तुझ्या आईचे अश्रू होते. शेवटी हाडफूल, मांसफूल, रक्तफूल घेऊन तो तिला उठवतो. पण कढईवरचा तो हात मला विसरता येत नाही. छळणारा फक्त सावकार नव्हता.

तिसरी यॉसान, सात मुलांची आई. नवरा धान्य आणायला म्हणून गेला तो परतलाच नाही. शोधत गेली तर तो एका बाईच्या नादाला लागून सगळं हरवून बसलेला, आंधळा झालेला, कोंड्याच्या पेजेवर दिवस काढत होता. तिने त्याच्याच भांड्यात पांढरा भात शिजवून वाढला. पहिला घास घेताच तो रडला की, मीही एके काळी असा भात खात होतो. मग ती दुसरी बाई, ‘चला ताई, अंघोळीला’ म्हणून यॉसानला पाण्यावर नेते, पाठ चोळायच्या निमित्ताने ढकलून देते आणि तिचेच कपडे घालून तिच्या घरी येते. धाकट्या मुलाला संशय येतो कशावरून? ताटं चुकतात. बापाचं ताट मुलापुढे, मुलाचं बापापुढे. शेवटी ती पकडली जाते, शौचालयात जीव देते आणि तिथलीच देवता होते. मुलगे आईला फुलांनी जिवंत करतात. म्हणतात, आई इतके दिवस गार पाण्यात पडून होती, आता तिला चुलीपाशी ऊब मिळू दे. म्हणून ती स्वयंपाकघराची देवी. आणि म्हणूनच जेजूच्या घरांत चूल आणि शौचालय लांब लांब, कारण या दोघींचं अजून पटत नाही.

एकही पात्र बंड करत नाही का?

करतं की. गामुंजांग-आगी. भिकारी जोडप्याची तिसरी मुलगी, तिच्या पायगुणाने घर श्रीमंत होतं. बाप तिघींना विचारतो, कोणामुळे खाता-पिता? थोरल्या दोघी म्हणतात, तुमच्यामुळे. ही म्हणते, आभाळ, धरती, आईबाप आहेतच, पण माझ्या बेंबीखालच्या रेघेमुळे. म्हणजे माझ्या स्वतःच्या दैवामुळे. तिला बाहेर काढतात. आईबाप आंधळे होऊन पुन्हा भिकेला लागतात. ती कंदमुळं खणणाऱ्या मुलाशी लग्न करते, श्रीमंत होते, शंभर दिवस भिकाऱ्यांना जेवण घालते. आंधळे आईबाप तिथे येतात, मुलीची ओळख पटताच डोळे उघडतात.

वर्णसठीची कहाणी लहानपणी ऐकलेल्यांचे कान इथे टवकारतात. “मुलींनो, तुम्ही आपकर्मी की बापकर्मी?” सहा जणी बापकर्मी म्हणतात, सातवी आपकर्मी. दोन्ही गोष्टी एकाच घराण्यातल्या आहेत. त्या कशा आणि कुठल्या वाटेने फिरल्या ते सोडा. पण श्रावणात पाटावर बसून ऐकलेलं वाक्य जेजूच्या सिम्बांगच्या तोंडी भेटलं तेव्हा मी पुस्तक मिटून दोन मिनिटं गप्प बसले होते.

रोगराईच्या कथा आहेत?

देवीच्या रोगाची आहे. आपण ‘देवी आल्या’ म्हणायचो, तिथे त्यांना ‘सोन्निम’ म्हणत, म्हणजे पाहुणे, किंवा ‘मामा’, हा राजघराण्यातल्या माणसांना लावायचा आदराचा शब्द. पूर्व किनाऱ्यावरच्या कथेत हे पाहुणे परदेशातून येतात. गरीब म्हातारी त्यांना मनापासून ठेवून घेते, श्रीमंत किम घालवून देतो. मग किमचा मुलगा आजारी पडून मरतो. रोगाला शिव्या न देता नीट पाहुणचार करून निरोप द्यायचा, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच सुचली.

‘हान’ म्हणजे काय? कोरियन माणसाच्या रक्तातच दुःख असतं असं ऐकलंय.

हान म्हणजे मनात घट्ट बसलेला सल. न्याय न मिळाल्याचा, बोलता न आल्याचा. शब्द खरा आहे, मुदांगांच्या तोंडी सतत असतो. पण ‘रक्तातच’ वगैरे ऐकलं की सावध व्हावं. कोरियन कलेचं मर्म दुःखात आहे ही कल्पना गाजवणाऱ्यांत 1920 च्या दशकातले जपानी लेखक यानागी मुनेयोशी होते, आणि तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता. ज्याच्यावर राज्य करायचं तो जात्याच दुःखी आहे असं म्हणणं राज्यकर्त्यांना फार सोयीचं असतं. यानागींचा जीव कोरियन कलेवर होता हे मान्य करूनही पुढे कोरियन लेखकांनी त्यावर बरीच टीका केली.

शिवाय गुतमध्ये हशाही असतो. चावट विनोद, दारू, नाच, देवाशी पैशावरून घासाघीस. नुसतं रडायचं असतं तर लोक रात्रभर बसले नसते.

सोडवणं म्हणजे प्रत्यक्षात काय करतात?

नैऋत्येकडच्या जिंदो बेटावरचं सित्किम-गुत घ्या. सित्किम म्हणजे धुणं. 1980 मध्ये त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. मेलेल्याचे कपडे चटईत गुंडाळून ती गुंडाळी उभी करतात. वर एक भांडं ठेवतात, त्यात आत्म्याचा कागदी आकार, आणि त्यावर हंड्याचं झाकण. म्हणजे समोर एक माणूस उभा राहतो, झाकणाची टोपी घातलेला. मुदांग त्याला झाडूने धुते. आधी दवण्यासारख्या कडू वासाच्या पाल्याचं पाणी, मग सुगंधी पाणी, मग साधं पाणी. घरचे लोक बघत असतात. इस्पितळात ज्याला शेवटचं नीट धुताही आलं नाही, त्याला इथे धुतात.

त्याच विधीत ‘गोफुरी’ असते. लांब पांढऱ्या सुती कापडाला ओळीने गाठी मारून एक टोक खांबाला बांधतात. दुसरं टोक हातात धरून मुदांग गात गात कापडाला हिसके देते आणि एकेक गाठ सुटत जाते. गाठी सुरगाठी असतात, निरगाठी नव्हेत, ओढलं की सुटणाऱ्या. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. सुटणारच नाही अशी गाठ विधीत मारतच नाहीत.

सोलकडे बारीची कथा गाणारी मुदांग राजकन्येचा पोशाख आणि मुकुट घालून, ढोलक्यावर ताल धरून तासन्‌तास गाते. नंतर माणसं लांब पट्टा ताणून धरतात, सुती कापडाचा आणि तागासारख्या जाड कापडाचा. मुदांग त्याच्या मधोमध छाती लावून चालत जाते आणि कापड टर्रकन फाटत दोन बाजूंना पडतं. इकडचं आणि तिकडचं जग वेगळं झालं. त्या आवाजाला घरचे लोक रडतात.

या कथांचा खऱ्या इतिहासातल्या दुःखाशी काही संबंध आहे?

जेजूमध्ये थेट आहे. 3 एप्रिल 1948 ला बेटावर उठाव झाला आणि तो मोडून काढताना पुढची काही वर्षं गावंच्या गावं जाळली गेली. सरकारी चौकशीच्या 2003 च्या अहवालानुसार 25 ते 30 हजार माणसं मेली असावीत, म्हणजे बेटावरचा साधारण दहावा माणूस. पुढे कित्येक दशकं त्याबद्दल बोलणंही धोक्याचं होतं. मेलेला ‘लाल’, म्हणजे कम्युनिस्ट, ठरला की त्याच्या मुलांना नोकरीसुद्धा मिळत नसे.

मग बोलायचं कुठे? घरच्या गुतमध्ये. सिम्बांगच्या तोंडून मेलेला ‘मी’ म्हणून बोलतो, याला ‘यॉंगगे उल्लिम’ म्हणतात, आत्म्याचं रडणं. मला कुठे नेलं, कसं मारलं, मी कुठे पडलो आहे, धाकट्याला सांभाळ. कोर्टात जे म्हणता येत नव्हतं ते ढोलाच्या आडून म्हणता आलं. भुतावर खटला कोण भरणार? 2003 मध्ये राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्युन यांनी बेटावर येऊन माफी मागितली. तोपर्यंतची साक्ष बरीचशी सिम्बांगांनी सांभाळली होती.

भारताशी काही नातं?

आहे आणि ते ओढूनताणून आणावं लागत नाही. मृत्यूचा राजा यॉमरा म्हणजे आपला यम, चीनमार्गे गेलेला. घरोघरी धान्य आणि मुलंबाळं देणारा जेसॉक म्हणजे इंद्र, शक्र. आणि बारी जिथे पाणी आणायला जाते, हाल्लाकगुंगी फुलं आणायला जातो, तो ‘सॉचॉन’ म्हणजे पश्चिमेचा स्वर्ग. चिनी बौद्ध ग्रंथांत हे भारताचं जुनं नाव. वॉनगांगामीच्या गोष्टीची बौद्ध बहीण 1459 मध्ये छापलेल्या कोरियन ग्रंथात आहे आणि तीही पश्चिमेकडच्या या देशातच घडते. मेलेल्यांना उठवणारी फुलं आपल्या परसात उगवतात असं कोणाला तरी वाटत होतं, आणि आपल्याला पत्ताच नाही.

आज हे बघायला मिळतं का?

मिळतं. 1970 च्या दशकातल्या ग्रामविकास मोहिमेत ‘अंधश्रद्धा हटाव’ म्हणून देवळं पाडली गेली, मुदांगांना पोलिसांनी पकडलं. नंतर तेच सरकार त्यांना वारसा म्हणून गौरवू लागलं. जेजूच्या चिलमॉरिदांग या देवस्थानातलं वाऱ्याच्या देवीचं गुत 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. रंगमंचावरचं गुत नेटकं असतं. खाजगी घरातलं लांबतं, मध्ये फोन वाजतात, म्हाताऱ्या पेंगतात. जेजूचं मोठं गुत चौदा दिवसांपर्यंत चालतं.

पैसे उकळणाऱ्या मुदांगही आहेत, भीती घालून लुबाडण्याच्या बातम्या तिकडच्या वर्तमानपत्रांत येतात. गोष्टी चांगल्या म्हणून सगळं निर्दोष होत नाही.

गुत संपतं कसं?

मोठे देव गेले, नातलगांचे आत्मे गेले, की मुदांग भरजरी कपडे उतरवते आणि साध्या कपड्यांत अंगणात येते. आता ज्यांना कोणी बोलावलं नाही त्यांची पाळी. बाळंतपणात गेलेल्या, बुडालेले, परमुलखात मेलेले, मूलबाळ नसलेले, ज्यांचं श्राद्ध घालायला कोणी उरलं नाही असे. त्यांची नक्कल करत ती आंधळ्यासारखी चाचपडते, पोटुशीसारखी चालते, लोक हसतात. उरलेला भात, मासे, दारू एका भांड्यात कालवून बाहेर ओततात. मग ती सुरी अंगणात फेकते. टोक घराकडे वळलं तर अजून कोणीतरी उपाशी आहे, पुन्हा वाढा. टोक बाहेर वळलं की सगळे गेले, भांडी आवरायला हरकत नाही.